अण्णांचं गालबोट

भालकीला आमच्या ऑफिसला पाटी नव्हती. खाली पिठाची गिरणी होती, तिला होती. अण्णा सगळ्यांना पत्ता सांगायचे तो असा: "गिरणीच्या डोक्यावर या." लोकांच्या दुकानांना जगभर दिसेल अशी वेबसाईट करून देणाऱ्या माणसाच्या स्वतःच्या दारावर नाव नसावं, याचं मला तेव्हाही हसू यायचं. विचारलं तर म्हणायचे, "नाव टाकलं की लोक नावाला येतात. मला कामाला येणारे पाहिजेत." असली वाक्यं त्यांच्याकडं पोत्यानं होती. निम्मी पटायची, निम्मी ऐकून सोडून द्यायची.

मी तिथं गेले तेव्हा उदगीरहून कॉम्प्युटरचा कोर्स करून आले होते आणि भालकीत मामाकडं राहत होते. मामानं आधीच सांगून ठेवलं होतं, "माणूस येडा हाय बघ. बँकेतली नोकरी सोडून कॉम्प्युटर मांडून बसलाय. पण वाईट न्हाई." माझ्याविषयीही एक सांगायला हवं. मला चूक दिसली की गप्प बसवत नाही. लग्नाच्या पत्रिकेत छापलेला चुकीचा वार असो की हॉटेलात उलटं लावलेलं कॅलेंडर, मी बोलणारच. आईनं माझं नाव खुसपटी ठेवलं होतं आणि ह्या पोरीचा सासरी निभाव कसा लागणार म्हणून ती आतापासूनच धास्तावली होती.

अण्णांनी मला मार्क विचारले नाहीत, काय येतं तेही विचारलं नाही. खुर्ची ओढून दिली, उपरण्यानं पडद्यावरचं पीठ पुसलं आणि एका दूध डेअरीची वेबसाईट उघडली. "बघ. काय दिसायलंय ते सांग."

कोवळ्या ज्वारीसारखा हिरवा रंग होता. त्यांना तो एकच रंग आवडायचा. वर ठळक अक्षरांत 'म्हशीचे शुद्ध दूध' आणि खाली एका दांडग्या काळ्या जनावराचा फोटो. आमच्या घरी ठाणाकुशनूरला आजोबांच्या काळात मेंढरांचा कळप होता, वडिलांच्या काळात शेती आली, पण दावणीला जनावर नाही असा दिवस मी पाहिला नव्हता.

"हा रेडा हाय," मी म्हणाले.

अण्णा इतके हसले की गिरणीवाला खालून ओरडला, काय झालं म्हणून. "उद्यापासून ये," ते म्हणाले. "हा आमचा रफीक, प्रोग्रॅम लिहितो. किती दिवस झाले रोज तोंडासमोर ठेवून बसलाय, त्याला दिसला न्हाई."

रफीक कोपऱ्यातून मान न वळवता म्हणाला, "मेरेकू क्या मालूम अण्णा, मैं तो पाकीट का दूध पीतूं."

दुसऱ्या दिवशी मी गेले ती तो फोटो बदलायच्या तयारीनंच. अण्णांनी माझा हात धरला. "हात लावू नको. ते गालबोट हाय." मला वाटलं चेष्टा करताहेत. संध्याकाळी डेअरीवाला आला. दारातूनच त्याचा आवाज चढलेला. "अण्णा, रेड्याचं दूध काढायलाव का तुमी? सोयरेधायरे हसतील की मला." अण्णांनी कपाळावर हात मारला, चुकलं म्हणाले, त्याच्यासमोर रेडा काढून म्हैस लावली आणि चहा मागवला. तो माणूस इतका खूश झाला की रंग, अक्षरं, बाकीची पानं सगळं न बघता पास करून गेला. जाताना मला म्हणाला, "माझं लक्ष होतं म्हणून बरं, न्हाईतर अब्रू गेली असती."

प्रत्येक वेबसाईटला अण्णा असं एक गालबोट लावायचे. कापड दुकानाच्या फोटोत एक साडी उलटी टांगलेली, शाळेच्या पानावर सुट्टीच्या दिवशी भरलेला वर्ग, डॉक्टरच्या पानावर औषधाच्या बाटलीशेजारी लोणच्याची बरणी. गिऱ्हाइकाला सांगायचे, नजर लागू नये म्हणून. आम्हाला मात्र खरं कारण सांगितलं होतं. बँकेत खिडकीवर बसून ते शिकले होते. "चांगलं दिसलं की माणूस गप बसतो. चुकलेलं दिसलं की आपणहून बोलतो. मला बोलणारा माणूस पाहिजे." ते गालबोट गिऱ्हाइकाआधी मला सापडलं की माझा चहा त्यांच्याकडून, नाही सापडलं की त्यांचा माझ्याकडून. मी सहसा हरायची नाही. रफीक दोन्हीकडून चहा प्यायचा.

गिरणीचं पीठ फळ्यांच्या फटींतून वर यायचं. कॉम्प्युटरवर अक्कांच्या, म्हणजे त्यांच्या बायकोच्या, जुन्या साड्या पांघरलेल्या असायच्या. अक्का शाळेत शिकवायच्या आणि येता-जाता डोकावून म्हणायच्या, "माझ्यापेक्षा ह्यांचा थाट बरा हाय, रोज नवी साडी." वीज गेली की अण्णा काम थांबवायचे नाहीत. ते कागदावर वेबसाईट काढायचे, एका पानाला एक कागद, आणि ते गठ्ठे घेऊन खाली गिरणीच्या ओट्यावर बसायचे. वीज नाही म्हणून गिरणीही बंद, बायका डबे घेऊन ताटकळलेल्या. "ताई, ह्यात डाळिंबाचा भाव बघायचा हाय, कुठं बोट ठेवशील?" बाई बोट ठेवायची, अण्णा तो कागद काढून पुढचा कागद समोर धरायचे. कागदावर पिठाची बोटं उमटायची. मग वर येऊन रफीकला म्हणायचे, "सगळ्या जणींनी डाळिंबाच्या चित्रावर बोट ठेवलंय. तुझ्या बटणाला कुणी विचारत न्हाई. चित्रच दाबता येईल असं कर." रफीक कुरकुरायचा आणि करायचा.

तेव्हा प्रत्येक वेबसाईटच्या तळाला पाहुण्यांचा आकडा असायचा, किती जण येऊन गेले ते दाखवणारा. गिऱ्हाइकं म्हणायची, सुरुवातच मोठ्या आकड्यानं करा, गर्दी दिसली पाहिजे. अण्णा शून्यापासूनच करायचे. ऑफिसातल्या कुणीही एकदा लोकांना खुली झालेली वेबसाईट उघडायची नाही असा त्यांचा दंडक होता. "आपल्याच पंगतीला आपणच चार वेळा बसून पानं मोजायची व्हय? येईल तो खरा पाहुणा येऊ दे." यावरून एक कापडवाला भांडून निघूनही गेला. अण्णांनी त्याला जिन्यापर्यंत सोडलं आणि पायरी सांभाळा म्हणाले.

अशाच एका वीज गेलेल्या सकाळी ओट्यावर मावशी भेटली. हुलसूरच्या पुढं आमच्या हद्दीवरचं एक गाव आहे, तिथली. नाव सांगत नाही, माणसं अजून तिथं राहतात. ती लेकीकडं भालकीला आली होती आणि ज्वारीचा डबा मांडीशी घेऊन बराच वेळ अण्णांच्या कागदांकडं बघत होती. बाकीच्या बायका बोटं ठेवून गेल्या. हिनं ठेवलं नाही. सगळ्या पांगल्यावर तिनं विचारलं, "हे कॉम्प्युटरचं काम हाय न्हवं?"

"व्हय मावशी."

"माझा लेक पुण्यात कॉम्प्युटरवर बसतोय म्हणं. आमच्या गावच्या एकाला दिसला होता. तुमचा आन् त्याचा कॉम्प्युटर एकाच तारेवर हायत का?"

"तसंच समजा."

"मग हिकडून हाक मारली तर तिकडं ऐकू जातंय का?"

अण्णांनी कागद खाली ठेवले.

मावशीनं सगळं सांगितलं. लेकाला शेती नको होती, पुण्याला जायचं होतं. बापानं त्याला गावच्या स्टँडवर, लोकांदेखत, कानफटीत मारलं. पोरगं तसंच समोरच्या गाडीत चढलं आणि खिडकीतून म्हणालं, ह्या गावाचं तोंड पुन्हा बघणार न्हाई. ते खरंच आलं नाही. पत्ता नाही, नंबर नाही. बाप आधी रागात होता, मग नुसताच गाडीची वाट बघायला लागला, आणि मागच्या श्रावणात गेला. लेकाला ते माहीत नव्हतं.

"त्याला बोलवा," ती म्हणाली. "पण त्याचं नाव टाकू नका. हरवला हाय असं तर बिलकूल लिवू नका. हरवला न्हाई त्यो, रुसलाय."

"बरं."

"आन् बाप गेला हे लिवायचं न्हाई. ते मी सांगणार. परक्याच्या तोंडून कळलं तर त्यो तिकडंच कायतरी करून घील. माझ्या मांडीवर डोकं ठिवून ऐकू दे त्याला."

मी म्हणाले, मग तुमचा फोटो तरी टाकू. मावशीनं माझ्याकडं पाहिलं. "माझं कपाळ बघितलं की त्याला कळंल की ग." तिच्या कपाळावर कुंकू नव्हतं. मला माझीच लाज वाटली.

वर आल्यावर रफीक म्हणाला, "नाम नक्को, फोटो नक्को, खबर नक्को. फिर बुलाना कैसा?" दोन-चार दिवस अण्णा गिऱ्हाइकांशी धड बोलले नाहीत, गालबोट लावायचंही विसरले. एका वेबसाईटला चूकच ठेवली नाही, तर त्या गिऱ्हाइकानं रंगापासून टिंबापर्यंत प्रत्येक गोष्टीत खोट काढली आणि आम्हा सगळ्यांचा जीव नकोसा केला. मग एके दिवशी चपला काढता काढताच म्हणाले, "माणूस परमुलखात आईचं नाव शोधत न्हाई. ते त्याला पाठ असतंय. एकटा बसला की गावाचं नाव टाकून बघतो, कुठं दिसतंय का म्हणून. आपल्याला गाव बांधायला पाहिजे."

त्या काळात आमच्या भागातल्या एवढ्याशा गावाची वेबसाईट कुणाच्या स्वप्नात नव्हती. अण्णा आणि मी कॅमेरा घेऊन एसटीनं निघालो. हुलसूरला उतरून पुढं टमटमनं. गावात बातमी आमच्या आधी पोचलेली. सरपंच फेटा बांधून तयार, त्यांच्या मागं त्यांचे दोन चुलते, शाळेतल्या गुरुजींनी पोरांना रांगेत उभं केलेलं. अण्णांनी सगळ्यांचे फोटो घेतले, कुणाला नाही म्हणाले नाहीत. मग स्टँडपासून मावशीच्या दारापर्यंत ते हळूहळू चालत गेले, थांबत थांबत, दर वळणाला एक फोटो. "गाडीतून उतरल्यावर त्याला जे जे दिसंल ते सगळं पाहिजे," मला म्हणाले.

मावशीच्या घरासमोर चिंच आहे. मोठी, जुनी. अण्णांनी मावशीला विचारलं, लहानपणी त्याचं आवडतं ठिकाण कुठलं. मावशीनं हातानंच वर दाखवलं. पोरगं आठ-नऊ वर्षांचं असताना पैज लावून पार शेंड्यापर्यंत चढलं होतं. तिथं फांदी हलायला लागली तसं भ्यालं आणि उतरता येईना. अख्खा गाव खाली जमून आरडाओरडा करत होता. शेवटी बापच चढला. तो जन्मात कधी झाडावर चढला नव्हता. दोघं खरचटत, सोलवटत खाली आले. "मला वाटलं आता सोलून काढतोय पोराला," मावशी म्हणाली. "पण मारलं न्हाई. घोंगड्यात गुंडाळून खांद्यावर घरी आणलं. रातभर दोघं एकाच घोंगड्यात झोपले." ती हे सांगताना हसत होती. अण्णा चिंचेकडं मान वर करून बघत उभे राहिले.

गाव तयार झालं. तोच ज्वारीचा हिरवा, वर गावाचं नाव इंग्रजीत आणि मराठीत, खाली स्टँडपासूनची वाट, देऊळ, शाळा, सरपंच आणि त्यांचे दोन चुलते. सगळ्यात शेवटी मावशीचं बंद दार आणि चिंच. चिंचेखाली अण्णांनी लिहिलं होतं: 'गावची जुनी चिंच. हिच्या शेंड्यापर्यंत आजवर कुणीही चढलेलं नाही.'

मी भडकले. "अण्णा, हे खोटं हाय. मावशीनं आपल्याला स्वतःच्या तोंडानं सांगितलंय."

"ते गालबोट हाय. हात लावू नको."

"बिचारीच्या लेकराची एक तेवढी गोष्ट, ती पण पुसून टाकायलाव?"

"तिला वाचून दाखव," अण्णा म्हणाले. "बघू काय म्हणतीय."

मावशीला अक्षर येत नव्हतं. तिला वर आणून खुर्चीवर बसवलं. ती खुर्चीच्या टोकावर बसली आणि पडद्यावर स्वतःची गल्ली दिसली तशी पदर तोंडाला लावून बघत राहिली. मी वाचत गेले. देऊळ झालं, शाळा झाली. चिंचेचं वाक्य मी वाचलं आणि मावशी ताडकन उभी राहिली. "कुणी लिवलं हे? कुणीच चढलं न्हाई? माझं लेकरू चढलं व्हतं. साऱ्या गावानं बघितलंय. त्याचा बाप चढला व्हता. पुसा आधी ते."

अण्णा तिच्यासमोर जमिनीवर बसले, मांडी घालून. "मावशी, राग आला न्हवं?"

"येणार न्हाई व्हय?"

"त्याला बी येऊ दे. रुसलेल्या माणसाला ये म्हटलं तर येत न्हाई. पण त्यानं केलेलं कुणी न्हाई म्हणलं, तर गप बसंल का त्यो?"

मावशी खाली बसली. "बसणार न्हाई," ती म्हणाली. "बापावर गेलाय."

त्यानंतर दर बाजाराच्या दिवशी मावशी डबा घेऊन गिरणीवर यायची. डब्यात कधी दळण असायचं, कधी नसायचं. जिन्याखालूनच विचारायची, "आलं का काय?" आणि अण्णा कठड्यावरून वाकून म्हणायचे, "न्हाई मावशी." गावाच्या पानावर लोक यायला लागले होते, त्यांचे अभिप्रायही मेलवर येत होते. मस्कतहून एकानं विचारलं, देवळाला निळा रंग कुणाला विचारून दिला. सुरतेहून एकजण म्हणाला, सरपंचाचा फोटो ठीक आहे, पण चुलते कशाला. चिंचेबद्दल कुणी बोलेना. पावसाळा गेला, रब्बी पेरली, ज्वारी पोटरीला आली. मावशी खालून विचारायची ती आता नुसतीच वर बघायची, आणि अण्णा नुसतीच मान हलवायचे. डबा डोक्यावर घेऊन परत जाताना ती जरा वाकलेली दिसायची.

एक दिवस रफीकला राहवलं नाही. "अण्णा, मैं लिख देतूं ना एक मेसेज. उसके नाम से. बूढ़ी खुश हो जाती."

अण्णा आमच्यावर कधी ओरडले नव्हते. त्या दिवशी ओरडले. "खोटा पाहुणा न्हाई आणायचा माझ्या घरात." मग स्वतःच शरमले, आणि खाली जाऊन तिघांसाठी चहा घेऊन आले. कप हातात देताना रफीकला म्हणाले, "मलाबी तसंच वाटायलंय रे. रोज वाटायलंय." तेव्हा मला कळलं की ह्या माणसाला आपली युक्ती फसल्याची भीती वाटते आहे. आजवर गालबोट चुकलं तर एक चहा जायचा. आता मावशीनं तिच्या लेकराची गोष्ट त्यांच्या हवाली केली होती आणि त्यांनी ती खोटी म्हणून जगासमोर टांगली होती.

संक्रांतीच्या आसपासची गोष्ट. मी मेल उघडत होते. इंग्रजी अक्षरांत लिहिलेलं मराठी, नाव नाही. मी वाचलं, पुन्हा वाचलं. मी खुर्ची मागं सरकवली. अण्णा येऊन माझ्या खांद्यावरून वाचायला लागले.

'माहीत नसेल तर लिहू नये. चिंचेच्या शेंड्यावर एकजण चढला होता. त्याला उतरवायला त्याचा बाप चढला होता. खोटं वाटत असेल तर समोरच्या घरात जाऊन बापाला विचारा. तो सांगेल.'

अण्णांनी चष्मा काढला आणि उपरण्यानं डोळे पुसले. उपरण्याचं पीठ डोळ्यांत गेलं आणि ते आणखी चोळत बसले. रफीक उठून जिना उतरला आणि संक्रांतीला लेकीकडं आलेल्या मावशीला बोलवायला पळत गेला.

मावशी आली. मी वाचून दाखवलं. ती शेवटपर्यंत ऐकत होती, आणि 'बापाला विचारा' पाशी तिनं डोळे मिटले. मग ती म्हणाली, "तसंच हाय. लहानपणापासून दुसऱ्याच्या चुकाच काढतंय." अण्णांनी विचारलं, काय उत्तर लिहू. ती पदराचं टोक बोटाला गुंडाळत राहिली. "लिवा, आई म्हणती चढला व्हतास. आईनं बघितलंय." मग म्हणाली, "आन् लिवा, घरी ये. बाकीचं घरी."

अण्णांनी तेवढंच लिहिलं. एक शब्द जास्त नाही.

आठवड्याभरानं जिन्यावर पावलं वाजली. दारात एक तरुण माणूस उभा होता. अंगात पुण्याचा चांगला शर्ट, पायांत बूट, आणि डोकं नुकतंच भादरलेलं. त्याला बघून आम्हाला विचारायचं काही उरलं नाही. मावशीनं सांगितलं होतं, तिनं सांगायचं होतं तसंच. तो अण्णांच्या पाया पडायला वाकला. अण्णांनी त्याला मध्येच धरलं आणि खुर्चीवर बसवलं. चहा आला. तो पडद्याकडं बघत म्हणाला, "आता ते वाक्य दुरुस्त करा की अण्णा."

अण्णांनी विचार केला. "करू. तू म्हणशील तर आत्ता करू. पण मला वाटतंय राहू द्यावं. तुझ्या गावचे आणखी किती जण बाहेर हायत. कुणी ना कुणी त्या झाडावर चढलेलं असंल."

तो हसला, आणि हसता हसताच त्याला रडू आलं. मग तो तोंड धुऊन आला आणि म्हणाला, राहू द्या.

त्यानंतर अण्णांना गावं बांधायचा नाद लागला. एसटीनं हिंडायचे, कधी औरादकडं, कधी पार अफजलपूरपर्यंत. ज्याचं कुणी बाहेर गेलंय त्याच्या घरी बसायचे, त्या माणसाची एखादी फुशारकीची गोष्ट विचारून घ्यायचे आणि ती धादांत खोटी करून गावाच्या पानावर टाकायचे. सगळेच आले असं नाही. बरेचसे आले नाहीत. अक्का म्हणायच्या, "गिऱ्हाइकं उन्हात उभी करून हे गावं बांधायलेत." मी एकदा म्हणाले, आमच्या ठाणाकुशनूरचं कधी करणार. तर म्हणाले, "तुझं गाव कामून? तू तर हितंच बसलीस की माझ्या डोक्यावर."

मग मीही गेले. पुण्याच्या कंपनीत जागा मिळाली, वेबसाईटमधल्या चुका शोधायचीच. निघताना अण्णांनी एसटीत खिडकीपाशी येऊन सांगितलं, "तिथं चूक सापडली तर लगेच बोलू नको. जरा थांबत जा." मी थांबायला शिकले नाही, पण माझं तिथं बरं चाललं. सुरुवातीला फोन व्हायचे, मग सणावाराला व्हायला लागले. गावाकडं जाणंही तसंच. आधी वर्षातून तीनदा, मग लग्नाकार्याला, मग आई फोनवर म्हणायची, बघ जमलं तर, आणि मी म्हणायची, बघते. रफीक हैदराबादला गेला. मोबाईल आले, ज्याला त्याला फुकटात पान करता यायला लागलं, आणि गिरणीच्या डोक्यावरची खोली अण्णांनी सोडली असं कुणीतरी सांगितलं.

एका दुपारी जेवायच्या सुट्टीत, सगळे खाली गेले होते आणि मी डबा उघडून एकटीच बसले होते. का कोण जाणे, मी आमच्या गावाचं नाव टाकलं.

तोच ज्वारीचा हिरवा. फाट्यापासूनची वाट, वळणावरचं बाभळीचं झाड, आमची गल्ली. आईचा फोटो होता, ओसरीवर बसलेली, कपाळावर ठसठशीत कुंकू. वडील घोंगडं खांद्यावर टाकून कॅमेऱ्याकडं संशयानं बघत होते. आणि सगळ्यात खाली आमची दावण. दावणीला काळं दांडगं जनावर बांधलेलं आणि खाली लिहिलेलं: 'या घरची दुभती म्हैस.'

तळाला पाहुण्यांचा आकडा होता. तो एक होता, म्हणजे मीच. अण्णांनी ते पान कधीही उघडून पाहिलं नव्हतं.

मला सगळं माहीत होतं. ही युक्ती माझ्यासमोर जन्मली होती, तिचे चहा मी प्यायले होते. मी ठरवलं, लिहायचं नाही, सरळ फोन करायचा. डब्यातली भाकरी तशीच राहिली, आणि मी अभिप्रायाच्या चौकटीत लिहिलं: 'हा रेडा हाय.'

हात धुऊन आले तर उत्तर आलेलं होतं. कुठं बसून वाट बघत होते कोण जाणे.

'कवा यायलीस?'